जकार्तातला आठ दिवसांचा मुक्काम

जकार्ता शहरात एक कोटीच्या वर माणसं राहतात. माझ्या बहिणीला तिथं आठ दिवस टेकायला जागा मिळाली नाही.

जागा नव्हत्या असं कुणी समजू नये. चार होत्या. चकलांब्यात, आमच्या घरापुढं प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून, चहा पीत, आम्ही त्या एकेक करून नापास केल्या. बीडच्या पलीकडं मुक्काम केला तो लग्नात नाहीतर दवाखान्यात, अशा माणसांनी नापास केल्या. मी त्या खुर्च्यांवर होतो. दुसऱ्याचं नाव घेण्याआधी माझं घेतो. मी हनुमान, तिचा सख्खा मोठा भाऊ.

गावात माझं ऑनलाइन सेंटर आहे. पीकविमा, रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, पोलीस भरती, गावाचे सगळे फॉर्म माझ्या हातून जातात. बहीण स्वप्नाली, वय एकोणीस. ती पिंच्याक सिलाट खेळते. खेळ इंडोनेशियाचा. लाथा, पकडी आणि समोरच्याचे पाय काढून त्याला आपटणं. गावाला नाव घेता येत नाही, गाव त्याला कराटेच म्हणतं. चार वर्षं ती सकाळच्या एसटीनं गेवराईला त्रिंबक सरांकडं शिकायला गेली. गुडघ्यांचं कातडं इतक्यांदा निघालं की आईनं हळद लावायचीही सोडून दिली. राज्यात पंचावन्न किलोत ती पहिली आली. मग जकार्ताच्या एका खुल्या स्पर्धेसाठी सरांच्या शिकवणीतून तीन पोरं आणि ही एकटी पोरगी, अशी निवड झाली. तिथं पदक आलं तर पोलीस भरतीला उपयोग होईल, असं सर म्हणत होते. ती पदकाचं बोलत नव्हती. ती म्हणायची, "दादा, ज्यांनी ह्यो खेळ काढला त्यांच्या पोरीला मी एकदा तरी आपटणार."

तिकिटाचं कॉलेजनं आणि मामानं मिळून भागवलं. पासपोर्ट आला. चौकशीला आलेल्या हवालदारानं तिला विचारलं, "कावून चाललीस एवढ्या लांब?" ती म्हणाली, "मारामारी करायला." हवालदार हसला आणि सही करून गेला. सरकारचं एवढंच म्हणणं होतं. अडवणारं सरकार नव्हतंच.

सोमवारी सरांनी स्पर्धेच्या फॉर्मचं शेवटचं पान पाठवलं. राहायचं कुठं, ते निवडायचं. आयोजकांचं मुलींचं वसतिगृह, मैदानाशेजारचं हॉटेल, नाहीतर शहरातल्या ओळखीच्या माणसाचा पत्ता. मुदत बुधवार, तिथले पाच, म्हणजे आपले साडेतीन. एकदा निवडलं की बदल नाही. निवडलंच नाही तर नाव कापून राखीव यादीतल्या खेळाडूला जागा.

मी तेव्हाच्या तेव्हा वसतिगृहावर बोट दाबायला पाहिजे होतं. पण आमच्याकडं पोरीचा मुक्काम म्हणजे फॉर्मचा रकाना नाही. तो घराचा निर्णय असतो. मी लॅपटॉप बंद केला आणि घरी गेलो.

आमचे आबा, म्हणजे सुंदरराव, शेळ्यांना पाला टाकत होते. मी सगळं सांगितलं.

"हॉटेल म्हंजी लॉज का?"

"लॉज न्हाई आबा. हॉटेल."

"हॉटेलात जेवत्यात. झोपतात तिथं त्ये लॉज."

"सर शेजारच्याच खोलीत हायत. तिला येगळी खोली हाय."

"एकलीला?" आबांनी पाल्याचा भारा खाली ठेवला. "एकलीला खोली कशाला पाहिजे?"

एकटीला खोली दिली की एकटी आहे, आणि कुणाबरोबर दिली की कुणाबरोबर आहे. हॉटेल गेलं.

वसतिगृहाचं सांगितलं. चाळीस पोरी, सगळ्या खेळाडू, दारावर बाई.

"कुठल्या कुठल्या देशाच्या?"

"सात-आठ देशाच्या."

"त्या काय खात्यात, काय घालत्यात, आपल्याला म्हाईत हाय का? आठ दिवसांत पोरगी वळण सोडून आली म्हंजी?"

आई, वच्छलाबाई, चुलीपाशी होती. तिनं एकच विचारलं. "न्हाणीला आतून कडी हाय का, तेवढं इचार."

मी सरांना फोन लावून विचारलं. सर हसले. "हाय म्हणावं वैनीला. चांगली लोखंडी हाय."

"मंग मला चालतंय," आई म्हणाली आणि भाकरी उलटली. माझ्या आयुष्यात मी ऐकलेला सगळ्यात शहाणा प्रश्न तो. तिचं मत कुणी धरलं नाही. आबा म्हणाले, भागवतरावांना विचारू.

भागवतराव म्हणजे गावचे पुढारी, पंचायत समितीचे माजी सदस्य. तिकिटाला त्यांनी फुटकी कवडी दिली नव्हती. त्यांनी बॅनर दिला होता. स्टँडवर लावलेला, दहा बाय पंधरा. त्यात स्वप्नालीचा फोटो पासपोर्टच्या आकाराचा आणि भागवतराव कमरेपासून वर, हात जोडून. एवढ्यावर पोरगी त्यांची झाली होती.

मंगळवारी सकाळी ते आले. त्यांच्यासाठी खुर्च्या निघाल्या. खाजामियाँ चाचाही आले. चाचा गेवराईच्या बाजारात फळं विकतात. आबांचं आणि त्यांचं तीस वर्षांचं बसणं-उठणं. स्वप्नालीला स्पर्धेच्या आधी केळी त्यांच्याच गाड्यावरून जायची, पैसे न घेता. चाचा बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

"सुंदरराव, मी रातीच घरी आमच्या रहेमतबीला बोललो. तिच्या भावाची पोरगी यास्मिन हाय ना, ती जकार्तालाच दिलेली. नवरा कापडाच्या दुकानात. मैदानापासून रिक्षानं धा मिनिटं. घरात सासू हाय, दोन लहान पोरी हायत. फोनवर बोलली ती. म्हणली, चाचा, गावची पोर येणार, मी तिला स्टेशनवर ठिवीन व्हय? डाळ-भात करून घालते म्हणली. मटण शिजवायची न्हाई आठ दिवस, आसं पण म्हणली."

मला वाटलं, झालं. सुटलं. आबांच्या तोंडावर पण क्षणभर तसंच आलं होतं, मी पाहिलंय. त्यांनी भागवतरावांकडं पाहिलं.

भागवतरावांनी बशीतला चहा फुंकला. "खाजाभाई, तुमचा जीव चांगला हाय. पण दिवस कसले हायत? उद्या कुणी व्हाट्सॲपला टाकलं, भागवतरावाच्या गावची पोरगी तसल्या घरात राहिली, तर बॅनरवर फोटो माझा हाय."

"तसल्या म्हंजी?" चाचांनी विचारलं.

ईदला चाचांच्या घरी शिरकुर्म्याची दुसरी वाटी मागणारे आबा बोलले नाहीत. त्याच वाटीवर वाढलेला मी बोललो नाही. चाचांनी थोडा वेळ वाट पाहिली. तीस वर्षं ओळखणाऱ्या माणसाला जेवढा वेळ द्यावा तेवढा दिला.

"ठीक हाय सुंदरराव," ते म्हणाले. "पोरीची सोय व्हावी, एवढंच होतं." आणि गेले.

आपल्याकडं एक पद्धत आहे. बाहेरगावी गेलं की पाव्हणा शोधायचा. मुंबई असो, पुणे असो, आपला माणूस बघायचा आणि त्याच्या घरात शिरायचं. त्याला जागा असो नसो. तो आपल्याला चेहऱ्यानं ओळखत नसला तरी त्याची चुलती आपल्या आत्याच्या गावची असली की बस. दोन पायांवर चालणारा लांडगा जरी आडनावानं लागत असला तर आम्ही पोर त्याच्याकडं बिनघोर ठेवू. ही पद्धत आम्ही इंडोनेशियाला लावली.

भागवतरावांनी दुपारपर्यंत आठ-दहा फोन केले आणि पाव्हणा काढलाच. त्यांच्या साडूचा पुतण्या बजरंग, वडवणीकडचा. जकार्ताकडं मोटारसायकलचे भाग करणाऱ्या कारखान्यात फिटर. "झालं!" भागवतरावांनी मांडीवर थाप मारली. "आपला माणूस निघाला. लॉज नको न् काय नको."

संध्याकाळच्या चहाला व्हिडिओ कॉल लावला. बजरंग पंचविशीतला, घामेजलेला, नुकताच कारखान्यातून आलेला. मागं दोरीवर बनियनी वाळत होत्या आणि कुणीतरी उघड्या अंगानं इकडून तिकडं गेलं.

"मामा, खोली कंपनीची हाय," तो म्हणाला. "आमी सहाजण राहतो. चारजण तर ओडिशाचे हायत."

"आसू दे की. तिला एक कोपरा दे. पडदा लाव."

"मामा, आयका ना. ह्ये जकार्ता न्हाई, लांब हाय. मैदान इथून पन्नास किलोमीटर. ट्रॅफिकमदी कधी कधी तीन तास लागत्यात. पोरगी खेळंल कधी?" मग त्यानं आवाज खाली आणला. "अन् खरं सांगू का, इथं पोरीला आणू नका. मी माझ्या बहिणीला आणली नसती. त्ये होस्टेल लई बरं हाय."

दोन दिवसांत आमच्याशी बोललेला, तिथं राहणारा हा एकच माणूस होता आणि तो खरं बोलत होता. भागवतरावांनी फोन ठेवला.

"टाळायलाय. जबाबदारी नको वाटती आजकालच्या पोरांना. मी त्याच्या बापाला बोलतो."

"पण त्यो काय म्हणला आयकलं का?" मी विचारलं.

"आरं म्हणंल त्यो. पण आपला हाय ना?" हे आबा बोलले. मनापासून बोलले. त्यांच्या डोळ्यात कपट नव्हतं. कपट असतं तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

इतका वेळ स्वप्नाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दोन दिवस तिच्याबद्दल बोलणं चाललं होतं आणि तिला कुणी एक शब्द विचारला नव्हता. ती तिथूनच म्हणाली, "सहा बाप्यांत राहिलेली चालती, अन् चाळीस पोरींत राहिलेली चालत न्हाई. का आबा?"

आबा उठले, तिच्यापर्यंत गेले आणि हात न उचलता तसेच आत निघून गेले. मारलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या घरात बापाचं न बोलणं महिनाभर पुरतं.

"बघा," भागवतराव म्हणाले. "आजून इमानात बसली न्हाई तं तोंड सुटलं."

बुधवारी सकाळी त्रिंबक सर स्वतः मोटारसायकलवर चकलांब्याला आले. थेट माझ्या सेंटरवर. सर तसे गरीब माणूस, पण त्या दिवशी ओरडले.

"हनुमान, तुमच्या घरात चाललंय काय? तिन्ही पोरांच्या बापांनी दोन मिनिटांत सांगितलं. एकानं तर जागा कुठली त्ये पण इचारलं न्हाई. म्हणला कुठंबी टाका, झाडाखाली झोपंल. अन् तुमी तीन दिवस काय दिल्लीचं सरकार बनवायलाव?"

"आबा हो म्हणाले की भरतो सर."

"लॉगिन कुणाकडं हाय?"

"माझ्याकडं."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना वाटलं असेल, एवढं सांगितलं की पुरे. त्यांना तहसीलला पोरांच्या कागदांसाठी जायचं होतं, ते गेले.

अडीच वाजता आबा आणि भागवतराव सेंटरवर आले. मागनं स्वप्नाली आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मी पान उघडून ठेवलं होतं. तीन रकाने, तीन गोल. बाणाचं टोक मी वसतिगृहाच्या गोलावर आणून ठेवलं होतं.

"पाव्हण्याचा पत्ता टाक," भागवतराव म्हणाले.

टाकला. पान लाल झालं. पत्ता शहराच्या हद्दीबाहेर, चालणार नाही. मी दोनदा टाकून दाखवला.

"मंग तसंच राहू दे थोडं," आबा म्हणाले. "रातच्याला घरी बसून बोलू."

"आबा, साडेतीनला बंद हुतंय."

"पाच म्हणलतास."

"तिथले पाच."

भागवतराव हसले. खुर्ची ओढून बसले. "आरं हनुमान, तू फॉर्म भरणारा माणूस हायस, तूच सांग. मुदतवाढ हुत न्हाई असा एक तरी फॉर्म हाय का? पीकविम्याला झाली. शिष्यवृत्तीला झाली. भरतीला दोन डाव झाली. घाई करणारे येडे असत्यात."

आणि इथं मी मेलो.

कारण हे वाक्य माझं होतं. सहा वर्षं त्याच टेबलामागं बसून मी हेच विकत आलो. कुणी म्हातारी रडत आली, बाबा, तारीख गेली का, की मी म्हणायचो, बाई, घरी जा, मुदतवाढ होती. आणि व्हायची. साइट बंद पडायची, कुठंतरी ओरड व्हायची, तारीख पुढं जायची. या देशात शेवटची तारीख ही पहिली तारीख असते हे मला माझ्या रेशनकार्डापेक्षा जास्त पाठ होतं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आज आबांशी भांडायला नको. आज भागवतरावांपुढं उभं राहायला नको. उद्या बघू.

"दादा," स्वप्नाली माझ्या पाठीमागून म्हणाली. "दाब ना."

बाण गोलावरच होता. बोट माऊसवर होतं.

"मुदतवाढ हुईल," मी म्हणालो. वळून पाहिलं नाही.

"दादा, त्यांच्याकडं न्हाई हुत. दाब."

"पोरी, गप," आबा म्हणाले. रागानं नाही. दमलेल्या माणसासारखं. "तुझ्या चांगल्याचंच चाललंय."

तीन वाजून दहा मिनिटं. भागवतरावांना कुणाचा तरी फोन आला, ते ऊसतोडीच्या टोळीचं बोलत बाहेर गेले. आबांनी तंबाखू मळली. एक माणूस सातबारा काढायला आला, मी त्याला थांबायला सांगितलं. तीन वीस. तीन पंचवीस. ती हलली नव्हती, तिचा श्वास मला मानेवर कळत होता. चटईवर उतरण्याआधी ती तसाच घ्यायची, नाकानं, लांब. तिनं माझ्या हातावर हात ठेवून स्वतः दाबलं असतं तर मी अडवलं नसतं. हे मी नंतर हजारदा स्वतःला सांगितलं. पण मी तिच्याकडून ते का मागतोय? ज्या पोरीनं बापापुढं एक वाक्य बोलून दाखवलं तिनंच माझंही काम करायचं?

साडेतीनला पान आपोआप नवं झालं. गोल गेले. रकाने गेले. इंग्रजीत एक ओळ आली, की निवड बंद झाली आहे.

"आलं का मुदतवाढीचं?" आबांनी विचारलं.

मी म्हणालो, अजून नाही.

त्या दिवशी मी पान किती वेळा उघडलं ते विचारू नका. साइट एकदाही बंद पडली नाही. गुरुवारी उघडलं. शुक्रवारी सरांनी आयोजकांना तीन मेल केले, फोन केला, मोडक्या इंग्रजीत हात जोडले. शनिवारी उत्तर आलं. दोन ओळींचं, सभ्य. जागा राखीव यादीतल्या खेळाडूला दिली आहे, पुढच्या वर्षी जरूर यावे. भागवतरावांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाले, "कसले लोक हायत बे. दोन दिवस थांबता येत न्हाई." त्यांचा बॅनर आणखी महिनाभर स्टँडवर होता. काढायला कुणाला वेळ नव्हता.

सर तीन पोरांना घेऊन गेले. तिथून त्यांनी मला एक फोटो पाठवला. काही लिहिलं नव्हतं. मुलींच्या वसतिगृहाचं दार. दारात खुर्ची टाकून साठीची एक बाई बसलेली, डोक्याला रुमाल, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा, आणि कॅमेऱ्याकडं अशी बघायलेली की फोटो काढणाऱ्या सरांना तिनं तिथूनच हाकललं असावं. मागं लोखंडी पलंग, वर खाली, ओळीनं. भिंतीवर सुरक्षेच्या सूचना. आमच्या आबांपेक्षा कडक बाई होती ती.

मी तो फोटो आबांना दाखवला. चिडून दाखवला, खरं तर. त्यांनी मोबाइल लांब धरून बराच वेळ पाहिला.

"मंग ह्ये आधी दाखवायचं न्हवतं का," ते म्हणाले. "अशा ठिकाणी म्या कशाला न्हाई म्हणलं असतं?"

माझ्या तोंडात त्या वेळी जे आलं ते बापाला बोलायचं नसतं, म्हणून बोललो नाही. आता वाटतं बोलायला पाहिजे होतं. मी फोटो स्वप्नालीकडं नेला. ती कपडे धुत होती. तिनं हात पुसले नाहीत.

"मला कशाला दाखवायलास?" ती म्हणाली. "मी हो म्हणलतं."

गेवराईला जाणं तिनं बंद केलं. कुणी अडवलं नाही, तिनंच केलं. सर दोनदा घरी आले, तिनं चहा केला, बोलली नाही. चाचांच्या गाड्यावरून मी जातो तेव्हा ते मान हलवतात, पण केळी उचलून हातात देत नाहीत आता. आणि आबा तिच्याशी पुन्हा बोलायला लागले. आधीपेक्षा मायेनं. जणू काही तिनं काहीतरी मोठं समजून घेतलं होतं.

दिवाळीनंतर पाव्हणे यायला लागले. परवा परळीचे आले होते. पोरगा थर्मलच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामाला, त्याचा बाप बोलका. पोहे खाताना त्यानं विचारलं, पोरीला आवड कशाची?

"खेळाची," आबा लगबगीनं म्हणाले. छाती थोडी पुढं आली. "राज्यात पैली हाय. जकार्ताला निवड झालती तिची. इंडोनेशियाला."

"आगं बया!" पोराची आई म्हणाली. "मंग जाऊन आली का?"

स्वप्नाली कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच, त्या बुधवारनंतर.

"न्हाई," आबा म्हणाले. "राहायची सोय झाली न्हाई."

"आस्सं," पाव्हणा म्हणाला. "परदेशात त्ये अवघडच असतंय."

मी मान खाली घातली आणि उरलेले पोहे खाल्ले.